तीन पायांचा बायसन

प्रवासाहून परतलेल्या एका मित्राने खिशात उरलेला अमेरिकन सेंट माझ्या हातावर ठेवला. पुढे लिंकन, मागे त्याच्या स्मारकाची खांबाखांबांची इमारत. वहीचं पान उलटावं तसं मी नाणं उलटलं आणि थबकलो. इमारत डोक्यावर उभी! पुन्हा उलटून पाहिलं. लिंकन ताठ, इमारत उलटी. टांकसाळीत कुणीतरी ठसा उलटा बसवला आणि तो नेमका माझ्याच नजरेला पडला, या आनंदात मी दोन दिवस होतो. तिसऱ्या दिवशी नाण्यांतल्या एका जाणत्या गृहस्थांनी शांतपणे सांगितलं, की अमेरिकेची सगळीच नाणी अशी असतात. ती पानासारखी उलटायची नसतात, वरून खाली उलटायची. चूक होती, पण नाण्याची नव्हती.

फजिती झाली, पण खोड लागली ती लागलीच. नाणं हातात आलं की किमतीच्या आधी मी त्याची कड बघतो, मग अक्षरं, मग साल. घरातल्यांना वाटतं, हा पैसे मोजतोय.

खरं तर सारखेपणा हा नाण्याचा धर्म. माझ्या हातातलं आणि तुमच्या हातातलं यांत डावं-उजवं करता येऊ नये, यासाठी तर टांकसाळीचा सगळा खटाटोप. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापायच्या, त्यांची कड थोडी उचलून घ्यायची, मग एका कड्यात बसवून वरून-खालून दोन ठशांमध्ये दणका द्यायचा. निमिषभराचा मामला. अशी लाखो नाणी एकामागून एक पडतात आणि त्यांतल्या एकालाही स्वतःची गोष्ट नसते. ती असू नये, अशीच व्यवस्था आहे. संग्राहक मात्र त्या ढिगात गोष्ट असलेलं नाणं शोधत बसतो.

कधी चकती कड्यात नीट बसत नाही आणि दणका एका बाजूला पडतो. मग राजाचा अर्धाच चेहरा उमटतो आणि उरलेल्या जागी कोऱ्या धातूची चंद्रकोर राहते. कधी पट्टीतून चकती कापताना कापणी आधीच्या भोकावर जाते आणि घास घेतल्यासारखं नाणं जन्मतं. असा घास कानशीने कुणालाही घेता येईल, असं तुम्ही म्हणाल. पण खऱ्या तुटक्या चकतीची एक गंमत आहे. कड उचलताना घास घेतलेल्या बाजूला दाब मिळत नाही, म्हणून बरोब्बर समोरच्या बाजूची कडही पुसट राहते. कानस चालवणाऱ्याला घास दिसतो. त्याच्या समोरची बाजू त्याच्या ध्यानीमनीही नसते.

माझा जीव जडलाय तो आरशातल्या नाण्यावर. एक नाणं पाडून झाल्यावर ते ठशालाच चिकटून बसतं. पुढची चकती येते, दणका बसतो, आणि तिच्या एका बाजूवर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या भावंडाचा चेहरा उमटतो: उलटा आणि खोलगट. एका नाण्याने दुसऱ्याला छापलेलं. जाणकार याला ‘ब्रॉकेज’ म्हणतात.

या झाल्या त्या-त्या दणक्याच्या चुका. एक नाणं, एक अपघात. चूक ठशातच असेल तर मात्र त्या ठशाखालून निघणारं प्रत्येक नाणं ती घेऊन बाहेर पडतं. त्याला संग्राहक चूक म्हणत नाहीत, ‘व्हरायटी’ म्हणतात. एकाने केली तर चूक, घराण्यातच आली तर वळण, तसंच काहीसं.

या घराण्यांत सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९५५ चा दुहेरी सेंट. त्या काळी मूळ साच्याची छाप ठशावर एकापेक्षा जास्त वेळा दाबावी लागे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत दुसऱ्या वेळी ठसा किंचित फिरलेला होता. मधोमध बसलेल्या लिंकनला त्याचा फारसा धक्का लागला नाही, पण कडेजवळची अक्षरं आणि साल चक्क दोनदा उमटले. चष्मा विसरून वाचायला बसावं तसं ते नाणं दिसतं. तिथल्या लोकांच्या हे लक्षात आलं तोवर अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती. ती वेचण्यासाठी अख्खा ढीग वितळवायचा की जाऊ द्यायचं? त्यांनी जाऊ दिलं. मला ही चूक ठशाच्या चुकीपेक्षाही जवळची वाटते. ‘जाऊ दे, कोण बघतंय’ असं म्हणून आपणही काय काय सोडून दिलेलं असतं!

आणि मग तो तीन पायांचा बायसन. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर पूर्वी एक धिप्पाड बायसन असे. १९३७ मध्ये डेन्व्हरच्या टांकसाळीत मध्ये चकती नसताना दोन ठसे एकमेकांवर आपटले आणि एकाचे वण दुसऱ्यावर उठले. ते वण घालवायला ठसा घासला गेला, जरा जास्तच घासला गेला. नाण्यावर जे कमी उठावाचं, ते ठशात उथळ असतं आणि घासताना आधी तेच जातं. बायसनचा पुढचा एक पाय गेला. खूर तेवढा जमिनीवर राहिला, पाय कुठे तरी ठेवून आलेल्यासारखा.

साहजिकच चार पायांच्या बायसनांचे पाय खरवडण्याचा धंदाही सुरू झाला. पण खऱ्या तीन पायांच्या नाण्यावर पोटाखालून जमिनीपर्यंत बारीक उठावदार ठिपक्यांची एक ओळ आहे. ठशाच्या त्या भागात खड्डे पडले होते, त्यांची ती ठेवण. खरवडणारा पाय काढू शकतो, उंचवटे उगवू शकत नाही. एक दोष खरा आहे याची साक्ष शेजारचाच दुसरा दोष देतो.

१९४३ च्या सेंटचीही अशीच परीक्षा होते. युद्धासाठी तांबं हवं होतं, म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले. आदल्या वर्षीच्या ब्राँझच्या थोड्या चकत्या मात्र सापडायच्या राहून गेल्या आणि तशाच ठशाखाली आल्या. पोलादी सेंटला तांब्याचं पाणी देऊन गंडवणारे पुष्कळ. त्यांच्यासाठी एक लोहचुंबक पुरतो.

काही चुका नुसत्या नसण्याच्या असतात. २००८ मध्ये ब्रिटनने नाण्यांची मागची बाजू बदलली आणि २० पेन्सच्या नाण्यावरचं साल मागून उचलून पुढे, राणीच्या बाजूला नेलं. काही नाण्यांना मागचा ठसा नवा आणि पुढचा जुना लागला. साल दोन्हीकडून गायब. त्याच वर्षी चिलीच्या ५० पेसोंच्या नाण्यावर देशाचंच नाव चुकलं: ‘एल’च्या जागी आणखी एक ‘आय’. नाणी व्यवहारात फिरत राहिली आणि ते ध्यानात यायला वर्षभराहून अधिक काळ गेला. अख्ख्या देशाने ती हातात घेतली असतील, मोजली असतील, खिशात टाकली असतील. टांकसाळीच्या प्रमुखाची नोकरी त्यापायी गेली. मला त्या माणसाचं वाईट वाटतं, आणि तरी ते नाणं मिळालं तर हवंच आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. टांकसाळीच्या दाराबाहेर पडल्यावर नाण्याचं जे होईल त्याला या जगात कवडीची किंमत नाही. चाकाखाली चेपलं, आगीत काळवंडलं, कुणी छिद्र पाडून गळ्यात घातलं, चाळीस वर्षं खिशाखिशांतून झिजलं, तर ते नुसतं खराब नाणं. जन्माच्या त्या निमिषात जे चुकलं तेवढंच मौल्यवान. नाण्याने पुढे सोसलं ते सगळं हिशेबाबाहेर. संग्राहक म्हणतात, बाहेर काहीही होऊ शकतं, त्याला अंत नाही. आत मात्र काय काय चुकू शकतं ते मोजता येतं, उलगडता येतं. त्यांचं खरं आहे. भिंगाखाली एखादी रेघ दिसते आणि ती कशी आली असेल हे तर्काने मागे मागे जात सापडतं, तेव्हा जो आनंद होतो तो चेपलेलं नाणं देत नाही.

तरीही माझ्या डबीत एक छिद्राचं नाणं आहे. आणि तो मित्राने दिलेला सेंटही. कुणी घरी आलं, की मी तो वहीच्या पानासारखा उलटून दाखवतो. समोरच्याचे डोळे विस्फारले, की थोडा वेळ गप्प बसतो. दोन दिवस नाही, पण दोन मिनिटं तरी त्यालाही मिळावीत.