कमरेवरचा वळ: आमची वाटचाल

रात्री कपडे बदलताना माझ्या कमरेभोवती एक लाल वळ दिसायचा. त्यावरून बोट फिरवलं की खाच लागायची. थंडीचे दिवस सरेपर्यंत तो रोज उठायचा. तेव्हा मी हिशेबाची नोकरी करत होते, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. गारठा एवढा असायचा की आत जाड टाइट्स घातल्याशिवाय पाय उबदार राहत नसत. दुपार झाली की पोट फुगल्यासारखं व्हायचं, आंबट ढेकर यायचे, आणि मी टेबलाखाली हात घालून इलॅस्टिक बोटांनी पुढे ओढून धरायची. दोन मिनिटं बरं वाटायचं. पुन्हा तेच.

एके संध्याकाळी फार झालं म्हणून मी छोटी कात्री घेतली आणि नेफ्याला दोन ठिकाणी चिरा दिल्या. कंबर मोकळी झाली खरी, पण चिरेच्या टोकापासून विणीचे टाके सुटत गेले आणि दुसऱ्या दिवशी जिना चढता चढता टाइट्स मांडीपर्यंत घसरल्या. मग एक माप मोठं आणलं. कंबरेला थोडं बरं, पण घोट्याशी चुण्या पडायच्या, गुडघ्याला फुगा यायचा. त्याहून मोठं आणलं, तर पावलं बुटात मावेनात.

ती चिरलेली जोडी मी थोरल्या जाऊबाईंना दाखवली. त्यांचं सगळं आयुष्य शिवणयंत्रावर गेलेलं. त्यांनी टाइट्स उलट्या केल्या, टेबलावर सपाट पसरल्या, आणि कंबरेला हातच लावला नाही. पुढच्या नेफ्यापासून दोन पायांच्या मधून मागच्या नेफ्यापर्यंत टेप लावली. मग मला उभं करून तीच टेप माझ्या अंगावरून फिरवली. मला म्हणाल्या, "दिवसातून किती वेळा वर ओढतेस?"

"सारखीच ओढते."

"मग कंबर नाही गं काचत. आसन आखूड आहे."

टाइट्स बनवण्याचा आमचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

आसन म्हणजे पुढच्या नेफ्यापासून दोन पायांच्या मधून मागच्या नेफ्यापर्यंतचं माप. ते आखूड असलं की टाइट्स चालताना, बसताना खाली ओढल्या जातात. त्या खाली येऊ नयेत म्हणून बनवणारा इलॅस्टिक आणखी घट्ट करतो. म्हणजे कंबरेचा पट्टा नुसता बसलेला नसतो, तो पायांचं सगळं ओझं धरून लोंबकळत असतो. आसन पुरेसं खोल दिलं तर तेच इलॅस्टिक कमी ताणात काम करतं, कारण त्याला कुणाशी ओढाताण करायची नसते. बाई दुकानात जाऊन 'कंबर सैल हवी' म्हणते, आणि तिला एक माप मोठं मिळतं. तिला खरं तर खोल आसन हवं असतं.

दुसरी गोष्ट मला नंतर कळली. माझा वळ पोटावर फिकट आणि दोन्ही बाजूंना खोल असायचा. पट्ट्याचा ताण सगळीकडे सारखाच असला तरी शरीराचा बाक जिथे जास्त, तिथे दाब जास्त पडतो. पोट आणि पाठ त्या मानाने सपाट, बाजू वळणदार. शिवाय तोच ताण एक सेंटीमीटरच्या पट्टीवर आला तर रुततो, दहा सेंटीमीटरवर पसरला तर जाणवतही नाही. पिशवीचा बंद दोरीचा आणि रुंद पट्ट्याचा, एवढाच हा फरक.

आम्ही दोघींनी सुरुवात केली ती दुरुस्तीपासून. ओळखीच्या बायका आपल्या टाइट्स आणून द्यायच्या, आम्ही जुना नेफा उसवून मऊ रुंद पट्टा लावायचो आणि दोन पायांच्या मध्ये मियानी, म्हणजे कापडाचा चौकोनी जोडतुकडा, घालायचो. एका थंडीत चाळीसेक जोड्या झाल्या. त्यातून समजलं की टाइट्स मुळात फार साधी वस्तू आहे. गोल विणकाम यंत्रावर दोन लांब नळ्या विणल्या जातात. प्रत्येक नळीला वरून उभी चीर देऊन त्या एकमेकींना जोडतात, आणि वर नेफा बसवतात. ती चीर जितकी खोल, तितकं आसन खोल. पण चीर वाढवली की पाय आखूड होतो, म्हणून नळीच लांब विणून घ्यावी लागते. विणकाम करणारा मोठ्या संख्येशिवाय वेगळ्या लांबीच्या नळ्या देत नाही. आमची सगळ्यात मोठी गुंतवणूक यंत्रात नव्हे, त्या लांब नळ्यांच्या पहिल्या मागणीत गेली. तेव्हा मी नोकरी सोडली.

त्याच सुमारास टाइट्सचा इतिहास वाचताना एक गोष्ट सापडली आणि ती मला फार जवळची वाटली. अमेरिकेत नायलॉनचे मोजे 15 मे 1940 रोजी देशभर विक्रीला आले, पण ते दोन सुटे पायच होते. कंबरेला पट्टा बांधून त्याच्या चिमट्यांनी ते वर धरायचे. पुढे उत्तर कॅरोलिनात कापड गिरणी चालवणाऱ्या ॲलन गँट यांच्या पत्नी एथेल गरोदर राहिल्या, आणि वाढत्या पोटावर तो पट्टा त्यांना सोसवेना. त्यांनी मोजे अंतर्वस्त्राला जोडून शिवले आणि नवऱ्याला म्हणाल्या, हे असं बनवून बघा. गँट यांच्या गिरणीने 1959 मध्ये असे एकसंध मोजे बाजारात आणले. त्याच्या आदल्याच वर्षी, 1958 मध्ये, जोसेफ शिव्हर्स यांनी ड्यूपाँ कंपनीत स्पॅन्डेक्सचा धागा शोधला होता, ज्याला आपण सगळे लायक्रा म्हणतो. म्हणजे ही वस्तू जन्मालाच आली ती एका बाईच्या पोटावरचा दाब जावा म्हणून. त्या वस्तूने आपल्याला काचावं, हे मला पटत नाही.

पट्ट्याचं काम मात्र सोपं गेलं नाही. पहिला पट्टा दहा सेंटीमीटर रुंद, मऊ, सरळ कापलेला. उभं राहिलं की छान, बसलं की वरची कड दुमडायची आणि गुंडाळी होऊन नेमकी कंबरेत रुतायची. दुमडू नये म्हणून आतून सिलिकॉनची पट्टी लावून पाहिली. ती पकड धरायची, पण घामाने त्वचा लाल व्हायची, म्हणून तो माल आम्ही विकलाच नाही. शेवटी जाऊबाईंनी पट्टा सरळ कापणं सोडलं. पुढचा आणि मागचा भाग वेगळा, मागचा तीन सेंटीमीटर उंच, वरची कड शरीराच्या आकाराप्रमाणे. कापड दुहेरी, वर घडी, म्हणजे कडेला शिवण नाही आणि आत इलॅस्टिकची पट्टीही नाही. जोड फक्त खाली, फ्लॅटलॉकचा, म्हणजे अंगाला न टोचणाऱ्या सपाट शिवणीचा. तो दोराही ताणला जाणारा लागतो. कापड ताणलं जातं आणि टाका ताणला जात नाही, अशी शिवण अंगावर नाडीसारखी आवळते. बाहेरून पट्टा मऊ दिसतो आणि बाई म्हणते तरीही काचतंय. असं झालं की आधी शिवण बघावी.

बायका आम्हाला हमखास विचारतात, "पण सैल असल्या तर थंडी नाही का वाजणार?" उलट आहे. ऊब कापड घट्ट बसल्याने येत नाही, कापडाच्या केसाळ अस्तरात अडकलेल्या हवेने येते. लहान मापाच्या टाइट्स ताणून चढवल्या की वीण फाकते, अस्तर विरळ होतं आणि हवा धरून ठेवणारी जागाच उरत नाही. घरी करून बघा. टाइट्समध्ये मूठ घालून कापड ताणा. आतली त्वचा दिसायला लागली की तेवढ्या ताणात ती ऊब देणार नाही.

डेनिअरचंही तसंच. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. आत ब्रश केलेलं अस्तर किती दाट आहे, हे त्यातून कळत नाही. म्हणून आम्ही पाकिटावर डेनिअरचा मोठा आकडा छापत नाही. जोडीचं वजन आणि अस्तर कशाचं आहे ते लिहितो. ज्यांना खूप चालावं लागतं त्यांना आम्ही मेरिनो लोकरीच्या मिश्रणाच्या टाइट्स सुचवतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. सुती अस्तर घामाने भिजलं की गारच पडतं.

दुसऱ्या हंगामात आम्हाला फटका बसला. नळ्यांचा एक गठ्ठा दिसायला अगदी नेहमीसारखा आला. पाच-सहा धुण्यांनंतर तक्रारी सुरू झाल्या, पट्टा ढिला पडतोय, गुडघे लोंबतायत. पुरवठादाराने धाग्यात बदल केला होता आणि आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही त्या गठ्ठ्यातली विकलेली प्रत्येक जोडी बदलून दिली. त्या महिन्यात जाऊबाईंनी आणि मी काहीच घरी नेलं नाही.

तेव्हापासून नवा माल आला की तो आधी फळीवर चढतो. एका लाकडी फळीवर दोन खिळे ठोकलेत, अंतर 18 सेंटीमीटर. कापडाच्या पट्टीवर पेनाने 10 सेंटीमीटरवर दोन खुणा करायच्या, खुणा खिळ्यांवर अडकवून पट्टी रात्रभर तशीच ताणून ठेवायची. सकाळी सोडवून अर्ध्या तासाने मोजायचं. साडेदहाच्या वर भरली तर माल परत. हे काम जाऊबाई स्वतः करतात, कुणावर सोपवत नाहीत.

मापाचीही पद्धत बदलली. फक्त उंची आणि वजन विचारून आम्ही टाइट्स देत नाही. सारख्या उंची-वजनाच्या दोन बायकांचं आसन आणि सीट फार वेगळी असू शकते. आम्ही तीन मापं मागतो: सीटचा (नितंबांचा) घेर, आसन, आणि बसल्यावरचा कमरेचा घेर. खुर्चीत बसून, श्वास सोडून, टेप नुसती टेकवून घेतलेला. माझा स्वतःचा उभ्याने 84 सेंटीमीटर भरतो, बसल्यावर 89. टाइट्स घालून मी दिवसभर बसते, मग मापं उभ्याची का घ्यायची?

येणाऱ्या बायकांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं. सिझेरियन झालेल्या एकीने सांगितलं की नेफ्याची कड बरोबर टाक्यांच्या व्रणावर येते, तेव्हापासून आमचा पट्टा वर बरगड्यांच्या खालपर्यंत जातो आणि जोडाची शिवण व्रणाच्या जागेपासून दूर ठेवतो. एक बाई म्हणाल्या, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, बधिर होतं. त्यांना आम्ही टाइट्स विकल्या नाहीत, आधी डॉक्टरांकडे पाठवलं. कंबरेशी घट्ट कपडा मांडीच्या त्वचेकडे जाणारी नस दाबू शकतो. मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात त्याला. त्या महिनाभराने परत आल्या, डॉक्टरांनी सैल कपडे घालायला सांगितलंय म्हणाल्या, मग मापं घेतली. पायाच्या शिरांसाठीचे वैद्यकीय दाबमोजे मात्र आम्ही करत नाही आणि आमच्या टाइट्स त्याजागी चालतील असं कुणाला सांगतही नाही. तिथे दाब मोजून ठरवलेला असतो.

धुण्याबद्दल एक कळकळीची विनंती, कारण चांगल्या टाइट्स मी धुण्यात मरताना पाहिल्यात. गरम पाणी, क्लोरीनचं ब्लीच आणि ड्रायरची धग, तिन्ही लायक्राचा जीव घेतात. कोमट पाण्यात, उलट्या करून, जाळीच्या पिशवीत धुवा. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा. आणि नेफ्याला चिमटे लावून टांगू नका, ओल्या पायांचं वजन रात्रभर पट्ट्याला लटकतं. आडव्या दांडीवर मधोमध टाका.

आता आम्ही पाच जणी आहोत. सध्या टेबलावर जो नमुना आहे तो व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुलीसाठी आहे. सतत बसल्याने तिच्या टाइट्स मागून खाली सरकतात आणि पाठ उघडी पडते, पुढे मात्र पोटावर कापडाचा गोळा होतो. म्हणून मागचं आसन सहा सेंटीमीटरने वाढवलंय, पुढचं कमी केलंय, आणि मागची मधली शिवण काढून तिथे सलग कापड घातलंय, म्हणजे बसल्या जागी काही टोचणार नाही. पहिला नमुना मागे सैल झाला. दुसऱ्यात तिला स्वतः चढवताना पट्टा धरायला अवघड गेला, म्हणून जाऊबाईंनी दोन्ही बाजूंना बोट अडकेल असे कापडी फासे लावलेत. तिसऱ्याच्या कापडाची पट्टी आज सकाळी फळीवरून उतरली, दहा पूर्णांक दोन भरली. उद्या सकाळी तो नमुना तिच्याकडे जाईल.