मोरचुदाची पुरचुंडी

घरोघरची माशांची तळी सांभाळायचं माझं काम. मला फोन येतात ते तळ्याचं पाणी हिरवं झालं म्हणून. नाशिकच्या मखमलाबादच्या आप्पांचा फोन आला तो पाणी स्वच्छ झाल्यावर. "ताई, आज तळ दिसतोय, शेवाळ सगळं गेलं. पण मासे वर येऊन तोंड मारताहेत, दोन तर उलटे पडलेत. लवकर या." उजाडलंही नव्हतं. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीचे दिवस, रात्री गारवा आणि दुपारी चटका. मदतनीस सोन्याला उठवलं, हवेचे पंप, टेस्ट किट, जाळ्या गाडीत टाकल्या आणि निघालो.

हे तळं मला माहीत होतं. आप्पांच्या मुलाने बंगला बांधताना मागच्या अंगणात सिमेंटचं करून घेतलेलं. 14 फूट लांब, 9 फूट रुंद, 3 फूट खोल, म्हणजे काठोकाठ भरलं तर जेमतेम पावणेअकरा हजार लिटर. एका कोपऱ्यात दगडांचा छोटा धबधबा, आणि डोक्यावर गुलमोहोर. तळ्याच्या काठी गुलमोहोर ठेवणाऱ्याला शिक्षा म्हणून एकदा तरी त्या तळ्यातला गाळ स्वतः उपसायला लावावा, असं माझं फार जुनं मत आहे. त्याची पानं कुठल्याच जाळीत अडकत नाहीत. हिरव्या भुशासारखी पडतात, भिजतात आणि थेट तळाला जातात. या तळ्यात दोन डझन कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, होते, काही हातभर वाढलेले, शिवाय डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून सोडलेले गप्पी. पाहुण्यांची पोरं येऊन मारी बिस्किटं टाकायची आणि घरात कुणी त्यांना अडवत नसे.

पोचलो तेव्हा आप्पा, काकू, मुलगा आणि सालगडी असे सगळे काठावर उभे. पाणी खरंच नितळ होतं, पण चांगलं नव्हतं. मधूनमधून तपकिरी चिंध्या तरंगत होत्या आणि कडेला तसल्याच चिंध्यांचा थर चिकटला होता. तीन मोठे कोई कुशीवर पडून कल्ले मारत होते. बाकीचे सगळे धबधब्याच्या दगडांखाली गर्दी करून पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत होते. धबधबा मात्र बंद. गप्पी तेवढे मजेत. त्यांचं तोंडच वरच्या अंगाला असतं, पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातला प्राणवायू त्यांना ओढून घेता येतो. कोईला ते फार वेळ जमत नाही.

"पंप का बंद आहे?"

"रात्री आवाज येतो ना," काकू म्हणाल्या. "झोप लागत नाही. झोपताना बंद करते, सकाळी लावते."

मी आधी बटण दाबलं, मग बोलले. हे फार घरांमध्ये चालतं. तळ्याला पंपाची खरी गरज रात्री असते. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, पण सूर्य गेला की तेही माशांसारखंच नुसतं प्राणवायू घेत राहतं. गाळातले जिवाणू तर चोवीस तास घेतात. म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, उजाडायच्या थोडं आधी. मासे मेल्याचे फोन सकाळचेच येतात ते यामुळे. किटने मोजलं तर लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास रंग आला. कोईला 5 च्या वर हवा.

पण एवढ्याने उत्तर पुरं होत नव्हतं. पंप काही कालच पहिल्यांदा बंद राहिला नव्हता. शिवाय शेवाळ एका रात्रीत आपणहून मरत नाही. चार दिवसांपूर्वीपर्यंत हे पाणी मटारच्या सूपसारखं होतं, असं मुलगाच सांगत होता.

"यात कुणी काय टाकलंय का?"

सगळे गप्प. आप्पांनी मुलाकडे पाहिलं, मुलाने गड्याकडे. सोन्या तोवर धबधब्याच्या मागे वाकला होता. तिथून त्याने एक सुतळी ओढली. टोकाला जुन्या धोतराच्या फडक्याची पुरचुंडी, आणि फडक्यावर निळा डाग. द्राक्षबागायतदाराच्या घरात तो निळा रंग ओळखायला कुणाला सांगावं लागत नाही.

"मोरचूद आहे तो. मीच सोडलाय," ओट्यावरून आवाज आला. आप्पांचे वडील. घरात सगळे त्यांना बाबा म्हणतात, वय ऐंशीच्या पुढे, हातात चहाची कपबशी. "काय झालं त्यात? बागेत डाऊनी रोगाला चुना घालून मारतोच की. आमच्या वेळी विहिरीला शेवाळ धरलं की हेच सोडायचो. ते पाणी माणसं प्यायची."

मुलगा काही बोलणार तेवढ्यात मी त्याला खुणेने थांबवलं. बाबांची रीत चुकीची नव्हतीच. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार, पोत्यात घालून बोटीमागून ओढायचा, ही मोठ्या जलाशयांमधलं शेवाळ मारायची जुनी आणि माहितीतली पद्धत आहे. घोटाळा दोन गोष्टींचा होतो. एक, प्रमाण. एवढ्या तळ्याला मोरचूद द्यायचाच तर तो थोड्या ग्रॅममध्ये मोजून, पाणी किती जड, म्हणजे किती क्षारांचं, आहे ते तपासून द्यावा लागतो. मूठ हे त्याचं माप नाही. पाणी मऊ असेल तर तेवढ्यातही मासे जातात, तांबं थेट कल्ल्यांना लागतं. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, त्यामुळे आप्पांच्या बोअरचं पाणी चांगलंच जड आहे, आणि जड पाण्यात तांब्याचा जोर कमी होतो. त्यानेच बरेच मासे वाचले. पुरचुंडीतले निम्मे खडेही अजून विरघळायचे होते.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. तळंभर शेवाळ एकदम मेलं की ते जातं कुठे? पाणी स्वच्छ दिसतं, पण शेवाळ तळाशी बसून कुजत असतं, आणि कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. दिवसा प्राणवायू देणारं जे होतं तेच मेलेलं. वर कल्ले तांब्याने आधीच सुजलेले. अशा माशाला एरवीपेक्षा जास्त हवा लागते आणि मिळते एरवीपेक्षा कमी.

कामाला लागलो. पुरचुंडी बाहेर. हवेचे दोन पंप लावले, त्यांचे बुडबुडे सोडणारे चार सच्छिद्र दगड पाण्यात. सोन्या जाळीने मेलेलं शेवाळ काढू लागला, घमेल्यांवर घमेली. आप्पांचा जीव राहवेना. "ताई, एचटीपी पंप लावू का? फवारणीचाच आहे, गन जोडली की एका मिनिटात पाण्याचे तुषार करतो." कल्पना उत्तम होती, पण मी हात जोडले. त्या पंपाच्या टाकीतून आणि पाइपातून हंगामभर काय काय गेलंय ते आप्पांनाच ठाऊक. कीटकनाशकाचा पाण्याबरोबर आलेला अंशसुद्धा माशांना पुरतो. तांब्यातून वाचलेले आम्हीच मारले असते.

मग सालगडी म्हणाला, सगळं पाणी काढून तळ घासून टाकू, दोन तासांचं काम. सगळ्यांना पटलंही. घाबरलेल्या माणसाला रिकामं करून घासणं ही गोष्ट नेहमीच पटते. मी काठी घेतली आणि कोपऱ्यात अलगद तळाला टेकवली. सहा इंच आत गेली. काढली तर टोक डांबरासारखं काळं, आणि सडक्या अंड्याचा भपका. काकू पदर नाकाला लावून मागे सरकल्या.

तो काळा थर म्हणजे या तळ्याचा सगळा जमाखर्च. माशांची विष्ठा, बिस्किटं, न खाल्लेले दाणे, गुलमोहोराची पानं, दर वेळी मरून खाली गेलेलं शेवाळ. वरच्या पातळ थरापर्यंतच हवा पोचते. त्याखाली हवेशिवाय जगणारे जिवाणू असतात आणि त्यांच्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. वास त्याचाच. निवांत पडून असेल तोवर गाळ बराचसा स्वतःपुरता राहतो. पण मासे आत असताना, तेही असे अर्धमेले, तो ढवळला तर तो वायू, अडकलेला अमोनिया आणि प्राणवायूची भूक हे सगळं एकाच वेळी पाण्यात येतं. तळ घासायचा तर आधी मासे दुसरीकडे हवेत, आणि हे मासे त्या क्षणी हात लावण्याच्या स्थितीत नव्हते.

म्हणून वरचंच पाणी काढलं, साधारण तिसरा हिस्सा, आणि तेवढं बोअरचं भरलं. तेही सरळ पाइपाने नाही. जमिनीखालच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो, त्यामुळे बागेच्या झारीचं तोंड पाइपाला बांधून उंचावरून पाऊस पाडत. महापालिकेचं पाणी असतं तर क्लोरीन मारायला हायपोचे खडे आधी घालावे लागले असते, तो एक व्याप वाचला. उन्हं वर येण्याआधी हे उरकायचं होतं, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू मावतच कमी. 20 अंशांना लिटरमागे 9 मिलिग्रॅम मावत असेल तर 30 अंशांना साडेसात.

अमोनिया मोजला तेव्हा किटचा रंग गडद हिरवा आला. मुलगा म्हणाला, मग इतके दिवस मासे जगले कसे? चांगला प्रश्न होता. अमोनियाचा विषारी भाग किती, ते पाण्याच्या पीएचवर, म्हणजे ते किती आम्ल की अल्कधर्मी यावर, ठरतं. पीएच 7 असेल तर शंभरात एकही भाग विषारी नसतो, 9 झाला तर जवळपास एक तृतीयांश. शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि पीएच चढवतं, रात्री तो पुन्हा उतरतो. म्हणजे हे मासे रोज दुपारी थोडं विष पचवत होते आणि रोज पहाटे गुदमरत होते. दोन्हींच्या मध्ये, संध्याकाळी दाणे टाकायच्या वेळी, ठणठणीत दिसत होते. घरातल्यांनी त्यांना पाहिलं ते तेवढंच.

दहाच्या सुमाराला कोई धबधब्यापासून हलून तळ्यात फिरू लागले. संध्याकाळी परत जाऊन आणखी थोडं पाणी बदललं. सात कोई गेले, त्यातला एक पांढरा-नारिंगी सगळ्यांत जुना होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत असं नंतर काकूंकडून कळलं. पंप आता रात्रभर चालतो. आवाज कमी व्हावा म्हणून दगड थोडे सरकवून धार कडेने सोडली आहे.

गाळ आम्ही पुढच्या काही आठवड्यांत काढला, दर वेळी तळाचा एखादाच पट्टा, सायफनने ओढून. त्यात तांबंही होतं, कारण मोरचुदातलं तांबं शेवटी गाळालाच जाऊन चिकटतं. गाळ बागेत टाकावा की नाही यावर आप्पांशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, बागेत वर्षानुवर्षं मोरचूद पडतोच आहे, त्यात हा किती. माझं म्हणणं, म्हणूनच नको. अखेर बांधाकडेला खड्डा करून तो पुरला.

पण पाणी इतक्या लवकर इतकं हिरवं का होतं, हे गाळ काढतानाच समजलं. तळ्याच्या वरच्या अंगाला काकूंचा गुलाबाचा वाफा आहे. बागेसाठी आणलेलं 19:19:19 त्याच्या ठिबकमधून हौसेने सोडलं जातं, आणि वाफ्याचा उतार सरळ तळ्याकडे. पावसाळाभर ते खत धुपून पाण्यात येत होतं. गुलाब बेताचेच होते, शेवाळ मात्र जोमात. गोदावरीत पाणवेली माजल्या की आपण त्या काढायला यंत्रं उतरवतो, नदीत येणारं सांडपाणी मात्र तसंच राहतं. इथेही शेवाळाला जेवायला घालणारा हात घरातलाच होता. वाफ्याच्या कडेला वीतभर उंच विटांची ओळ घातली, पाणी दुसरीकडे वळवलं. दाणे दिवसातून एकदा, पाच मिनिटांत संपतील एवढेच. गुलमोहोराची तळ्यावर आलेली फांदी तोडायला आप्पा तयार झाले, झाडाला हात लावायला नाही.

पाणी अजून थोडं हिरवट आहे. फूट-दीड फुटापर्यंत दिसतं, आणि मला ते तसंच बरं वाटतं, थोडं शेवाळ अमोनियाही खातं. मुलाला मात्र ते काचेसारखं हवंय, त्याने यूव्ही दिवा हेरून ठेवलाय. दिव्याने पाण्यात तरंगणारं शेवाळ मरतं हे खरं, पण भिंतीला धरलेलं मरत नाही, आणि मेलेलं पुन्हा गाळातच जातं. तेव्हा आधी फिल्टर मोठा करा, महिना-दीड महिना त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नीट धरू द्या, मग दिव्याचं बघू, असं सांगून आले आहे. खर्च कुणी करायचा, यावर बापलेकाचं अजून ठरायचंय. बाबांचं मत, एवढ्यात एक फवारणी निघते.