दुसऱ्या मंगळवारचं गणित

मनोविकारशास्त्रातल्या एमडीची 3 वर्षं बहुतेक वॉर्डात जातात. हल्ली त्यात 3 महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्यसेवेतलं कामही आलं आहे. ती सह्या गोळा करण्यात घालवू नये, कारण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अडतं ते निदानापाशी क्वचितच, अडतं हिशेबापाशी.

गोळ्यांचंच घ्या. ग्रामीण रुग्णालयातली ओपीडी ‘महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी’ ठरली, की दोन भेटींत कधी 28 दिवसांचं अंतर पडतं, कधी 35. सवयीने 30 दिवसांचं औषध लिहिलं तर वर्षातून चारेक वेळा 5 दिवसांचा खाडा ठरलेलाच. रिस्पेरिडोनवर (सायकोसिसवरचं औषध) सावरलेला माणूस पुन्हा बिघडतो आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘औषध घेत नाही’. चूक कॅलेंडरची, बोल रुग्णाला! मंगळवारी सुट्टी आली तर आणखीच पंचाईत. म्हणून 42 दिवसांचं द्यावं. आत्महत्येचा धोका असेल तिथे मात्र नाही: ट्रायसायक्लिक (नैराश्यावरची जुनी औषधं, जादा घेतली तर जीवघेणी) टाळावं, औषध घरच्यांच्या ताब्यात आणि आठवड्यापुरतंच द्यावं. पुढचं पाकीट प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळेल अशी सोय आधी करावी.

मूड स्थिर ठेवणाऱ्या लिथियमची गंमत वेगळी. रक्तातली पातळी शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी मोजायची. पहाटेच्या एसटीने निघालेला रुग्ण सकाळची गोळी घेऊनच येतो आणि रिपोर्ट फुगतो. ‘रक्त देईपर्यंत गोळी नाही’ हे आदल्या भेटीतच चिठ्ठीवर लिहावं. हिरव्या झाकणाची नळी तर वापरूच नये. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून बहुधा लिथियम हेपारिनच असतं, म्हणजे जे मोजायचं तेच आत घातलेलं. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्याला घामाने पाणी कमी पडतं, त्यात अंगदुखीवर डायक्लोफिनॅक. पातळी चढायला एवढं पुरतं. हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं दिसलं तर गोळी थांबवून लगेच दवाखान्यात, हे घरच्यांकडून वदवून घ्यावं.

राहिले गैरहजर. ओपीडी संपली की गाडीत बसण्याआधी रजिस्टरवरून न आलेल्यांची नावं काढावीत. दुसऱ्या दिवशी ते काम होत नाही. यादी आशाताईंकडे जाते, पण रुग्णाची संमती पहिल्याच भेटीत घेतलेली असावी. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. यादीत आजाराचं नाव नको. नाव, गाव आणि ‘पुढची तारीख’ एवढं पुरे. वाडीवर बातमी पसरायला ‘मनोरुग्ण’ हा एक शब्द पुरतो आणि मग तो माणूस त्या ओपीडीची पायरी चढत नाही.