खाट नंबर १४

दुपारी दीडला ऑर्थोच्या पुरुष वॉर्डातून आमच्या मानसोपचार खात्याला रेफरन्स आला. चिठ्ठीवर एवढंच: ‘वय ७८. असहकार्य, शिवीगाळ. ?सायकोसिस. कृपया पाहावे.’ त्या प्रश्नचिन्हाचा मला जुना राग आहे. इतकी वर्षं ज्याचं डोकं ठणठणीत, त्याला खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी एकदम वेड कुठून लागणार?

गेले तर दोन्ही मनगटं बँडेजने कठड्याला बांधलेली. रात्री सलाईन उपटून टाकलं म्हणे. सूनबाई रडवेली. “मॅडम, बाबांना मेंटलला न्यायला लागेल का हो?”

“नाही. बाबा, रविवारपासून उलटे वार सांगा बघू.”

“रविवार, शनिवार…” मग माझ्याकडे बघून, “पुढे सरका, पुढे सरका. तिकीट घेतलं का?”

एसटीत कंडक्टर होते. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं, तेव्हा ट्यूब पेटली: यांना माझं निम्मं ऐकूच येत नाहीये. कानाचं मशीन सुनेच्या पर्समध्ये, ऑपरेशनच्या दिवसापासून. हरवू नये म्हणून. चष्माही तिथेच.

फाइल चाळली. रक्तातलं सोडियम १२२, म्हणजे फारच कमी. ओटीपोटावर हात ठेवला तर टम्म. कॅथेटर काल काढलेला, नंतर लघवी किती झाली याची नोंद नाही. आणि रात्री ‘झोप लागावी’ म्हणून फेनरगनचं इंजेक्शन. म्हाताऱ्या माणसाची त्याने लघवीही तुंबते आणि बरळणंही वाढतं.

लिहिलं: डेलिरियम, म्हणजे वेड नव्हे, शरीराच्या बिघाडाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ. कॅथेटर पुन्हा घालणे. सोडियमसाठी मेडिसिनला आज दाखवणे. फेनरगन बंद. हात सोडणे. मशीन कानात, चष्मा डोळ्यांवर, रात्री घरचं माणूस उशाशी. आमच्या खात्याचं औषध शेवटच्या ओळीत: अगदीच आवरेनासे झाले तर हॅलोपेरिडॉल, तेही पाव मिलिग्रॅम. रेसिडेंट पोरगा म्हणाला, “मॅडम, एवढंच?”

निघताना १५ नंबरकडे लक्ष गेलं. तेही आजोबा, तेही खुब्याचे. सकाळचा चहा तसाच, वर साय धरलेली.

“हे कसे आहेत?”

“फार गुणी,” सिस्टर म्हणाल्या. “कसला म्हणून त्रास नाही. नुसते पडून असतात.”

गप्प पडलेल्यांची चिठ्ठी येत नाही. मी स्टूल ओढलं.

“बाबा, आज वार कोणता?”

बऱ्याच वेळाने ओठ हलले. आवाज आला नाही.