सिंगापूर ते न्यूअर्क : अंतर काढले, मग वेळ

आईला सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून थेट न्यूअर्कला जायचे होते. न्यूअर्क न्यू जर्सीत, पण न्यूयॉर्कला जाणारे तो सर्रास वापरतात. तिच्या काही गोळ्या ठरावीक तासांनी घ्याव्या लागतात, म्हणून विमानात नेमके किती तास जाणार, हे मला मोघम नको होते. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. त्या एकमेकींतून वजा करून हाती काहीच लागत नाही.

आधी अंतर काढायला बसलो. पृथ्वीगोलावर दोन्ही टोकांना दोरा ताणून धरला, तर तो सरळ वर गेला, जवळजवळ उत्तर ध्रुवावरून! चांगीचे रेखांश सुमारे 104 पूर्व, न्यूअर्कचे सुमारे 74 पश्चिम. बेरीज 178, म्हणजे दोन्ही ठिकाणे पृथ्वीच्या जवळपास समोरासमोरच्या बाजूंना. हे लक्षात आल्यावर हिशेब फारच सोपा झाला. चांगी 1.36 उत्तर अक्षांशावर, तिथून ध्रुव 88.64 अंश. न्यूअर्क 40.69 वर, तिथून ध्रुव 49.31 अंश. एकूण 137.95. एक अंश म्हणजे 60 सागरी मैल आणि एक सागरी मैल 1.852 किलोमीटर, त्यामुळे उत्तर 15,330 किलोमीटरच्या आसपास आले. कागद-पेन्सिलीने इतक्या जवळ जाता येते, याचा मला खरोखर आनंद झाला. (इतर बहुतेक जोड्यांना ही युक्ती चालत नाही, तिथे त्रिकोणमितीचे सूत्रच लागते.)

ताशी 900 किलोमीटर धरले तर 17 तास होतात. पण 2018 मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ही सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा मार्ग सुमारे 16,700 किलोमीटरचा आणि वेळ 18 तास 45 मिनिटांपर्यंत सांगितली होती. दोऱ्यापेक्षा हजारभर किलोमीटर जास्त का? कारण वारा. मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात त्या उंचीला पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार जेट प्रवाह वाहतात, त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. अमेरिकेकडे जाताना प्रशांत महासागरावरून वळसा घातला की हा वारा पाठीशी मिळतो. लांबचा रस्ता वेळेत परवडतो तो असा. शिवाय वेळापत्रकातल्या तासांत धावपट्टीपर्यंत जाणे आणि उतरल्यावर गेटला लागणेही धरलेले असते. प्रवासाचे तास काढायचे तर अंतर भागिले वेग एवढ्यावर थांबू नये, विमान कंपनीने दिलेला एकूण कालावधीच धरावा, असे माझे ठाम मत झाले.

राहिला घड्याळांचा फरक. सिंगापूर वर्षभर जागतिक प्रमाणवेळेच्या 8 तास पुढे असते. न्यूयॉर्कचा भाग हिवाळ्यात 5 तास मागे, उन्हाळ्यात 4. म्हणजे फरक 13 किंवा 12 तासांचा. हिवाळ्यात मध्यरात्री निघून पावणेएकोणीस तास उडाले, तरी तिथल्या घड्याळात त्याच तारखेची पहाटेची पावणेसहाच वाजलेली असते. कागदावर पावणेसहा तास, शरीराला पावणेएकोणीस!

डॉक्टरांना मी तिकिटावरच्या वेळा सांगितल्याच नाहीत, निघाल्यापासूनचे तास सांगितले. त्यांनी तशीच यादी करून दिली : निघाल्यावर इतक्या तासांनी ही गोळी, मग ती. आईने मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत सिंगापूरच्याच वेळेवर ठेवायचे, एवढेच आम्ही ठरवले. तिथे पोहोचल्यावर वेळा हळूहळू कशा सरकवायच्या, ते डॉक्टरांनी यादीच्या मागच्या बाजूला लिहून दिले.