आमच्या क्लासची वाटचाल : छत्तीस पोरं आणि एक डबा

२०११ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या खोलीत आम्ही दोघांनी क्लास काढला. मी विज्ञान घ्यायचो, भागीदार गणित. बाकडी सेकंडहँड, फळा घरीच काळा केलेला. २०१९ पर्यंत बॅचेस भरत राहिल्या, त्यावर काय लिहायचं!

मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता, तोही पुढे रद्द झाला. कोरोनाच्या टाळेबंदीत आमच्या खोलीला कुलूप लागलं. जूनपासून झूमवर सुरुवात केली. फुकटचं झूम म्हणजे चाळीस मिनिटांत तोंडावर दार बंद, क्लासवाल्यांना हे सांगायला नको. स्क्रीनवर लिहायला पेन टॅब परवडत नव्हता. जुन्या फवारणी पंपाची नळी खुंटीला सुतळीने बांधली, टोकाला मोबाईल उपडा, खाली कोरा कागद आणि स्केच पेन. कितीही आवळली तरी तिसऱ्या आकृतीला नळी मान टाकायची. ती मी अजून फेकलेली नाही.

त्याच दिवसांत एका मोठ्या अ‍ॅपवाल्या कंपनीची पोरं मोटरसायकलवर गावोगाव फिरू लागली. टॅब, त्यात अख्खा अभ्यासक्रम, तोही हप्त्यावर. व्हिडिओ चांगले होते, खोटं कशाला बोलू. त्यांच्या हृदयाचे कप्पे उघडमीट करायचे, माझे कागदावर निळे-लाल पडून असायचे. पण आमच्याच पालकांचे नंबर त्यांच्याकडे कसे, हा प्रश्न मला ऑगस्टपर्यंत सुटला नाही. भागीदार त्यांचं सेंटर सांभाळायला गेला होता आणि आमची नंबरांची वही त्याच्या बॅगेत होती. नऊ वर्षांची वही! दीडशे पोरांची छत्तीस उरली.

आणि ती छत्तीसही काय, नुसत्या काळ्या चौकटी. कॅमेरा लावा म्हटलं की पोरं गायब. मी आधी चिडायचो. मग एकाने चुकून कॅमेरा चालू केला तर मागे पोपडे धरलेली भिंत, खाट आणि खाटेवर तापाने निजलेली आजी. त्या दिवसापासून कॅमेऱ्याचा विषय बंद केला. पहिली सात मिनिटं हजेरीला दिली. नंबर पुकारायचा नाही. नाव, गाव आणि आज गावात काय झालं ते सांगायचं. कोणाची गाय व्याली, कुठे विजेचा डीपी जळाला. पालक म्हणत, सर टाइमपास करतात. करत होतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरांच्या तान्ह्या पोळ्याला एका पोराने न सांगता कॅमेरा लावला आणि आपला लाकडी बैल पुढे धरला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. शिंगाला बेगड, गळ्यात मण्यांची माळ. एकाचा बैल तीन पायांचा होता, त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

टिपेश्वर अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या खेड्यातली एक मुलगी होती. घरात रेंज नाही, शेतातल्या मचाणावर दोन काड्या यायच्या. वाघाची भीती, म्हणून वडील शेताच्या जागलीला निघाले की तीही सोबत. क्लास आम्ही त्यासाठीच रात्री आठचा केला. रानडुकरं पळवायला वडील पत्र्याचा डबा बडवायचे, आणि तिने माइक उघडला की आधी डबा ऐकू यायचा. पोरं ओरडायची, "डबा आला, डबा आला!" एकदा दोन दिवस डबा वाजला नाही, तर माझ्याआधी चौघांनी तिच्या घरी फोन लावले होते. वडिलांच्या पायात काटा मोडला होता.

तिचे हेच वडील मला दिवाळीच्या तोंडावर म्हणाले, "सर, तुमी शिकवनं बंद नका करू. कापूस निंगला का पयले तुमचे पैसे." आणि दिलेही. माझं भाडं त्यावर निघालं. जूनमध्ये पेरणी तोंडावर असताना फीचा तगादा लावणाऱ्या क्लासवाल्यांनी एकदा कॅलेंडर बघावं. फी वेचणीनंतर मागा. आणि रिंग लाइट घेऊ नका, आधी बरा माइक घ्या.

झूम तुटून पुन्हा जोडायला पाच मिनिटं जायची. नंतर नंतर मी लिंक लगेच उघडून द्यायचो आणि स्वतः मुद्दाम चहाला जायचो. परतल्यावर दाराशीच थांबून ऐकायचो. मी जे तीनदा समजावलं ते तिथे एक जण वऱ्हाडीत एका दमात सांगून मोकळा व्हायचा.

२०२१ मध्ये तर दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल लावला तो नववीच्या ५० गुणांवर आणि दहावीच्या वर्षभरातल्या ३० आणि २० गुणांवर, संपलं. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के! अशा वर्षी कोणाला क्लास लागतो? तरी छत्तिसांतली एकतीस पोरं शेवटपर्यंत हजेरी द्यायला येत होती.

कंपनीने आपलं सेंटर पुढे गुंडाळलं. मागच्या वर्षी भागीदार खोलीवर आला, सकाळची वेळ भाड्याने मिळेल का म्हणाला. मी चहा पाजला आणि म्हटलं, आधी वही आण. तो हो म्हणून गेला. अजून आलेला नाही.