नंबर लिहून ठेवलेला नव्हता

पावसाळी मासेमारी बंदी सुरू व्हायला जेमतेम आठवडा उरला असताना, कर्ली खाडीच्या काठाला बांधलेल्या काकांच्या फायबर होडीचे आउटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे, इंजिन एका रात्रीत नाहीसे झाले. सकाळी होडी जागच्या जागी झुलत होती आणि मागच्या फळीवर पकडीचे दोन गोल वण तेवढे उरले होते, कारण पकडीचे दोन्ही स्क्रू हाताने सैल करण्यापलीकडे चोराला काही करावेच लागले नव्हते. पेट्रोलची टाकी त्याने होडीतच ठेवली. हा चांगुलपणा की घाई, यावर काकांचे आणि माझे अजून एकमत नाही.

पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न आला, ‘इंजिनाचा नंबर?’ इंजिन जुने, दुसऱ्याकडून घेतलेले, पावती नाही. काका कंपनी, रंग आणि टपावरचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरचा, ओरखडा सांगत राहिले, पण टप तर खटका सोडला की निघतो आणि सहज बदलता येतो. नंबराची पट्टी पकडीच्या कंसावर असते, तीही खरवडता येते. मात्र काही कंपन्या तोच नंबर इंजिनाच्या ठोकळ्यावरील गोल चकतीवरही कोरतात. नवे इंजिन घेतले त्याच दिवशी मी पट्टीचा आणि पावतीचा फोटो काढला, शिवाय टपाच्या आतल्या बाजूला होडीचा नोंदणी क्रमांक कोरून घेतला.

आठ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन साधारण २७ किलोचे असते, म्हणजे चोराला जसे खांद्यावरून नेता येते तसे आपल्यालाही. त्यामुळे ते रोज घरी आणणे हाच मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो, आणि त्यानिमित्ताने गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून आतले मीठही धुऊन निघते. जड इंजिन असेल तर फळीतून आरपार बोल्ट घालावेत आणि स्क्रूच्या दोन्ही मुठी झाकणारी पोलादी पट्टी कुलपाने अडकवावी. साधे लोखंडी कुलूप खाऱ्या हवेत लवकरच गंजून बसते आणि हातोडा मालकालाच घ्यावा लागतो, म्हणून पितळी कुलूप ग्रीस लावून वापरावे. तरीही, फळीच करवतीने कापून इंजिन नेणारे असतात. कुलपाने वेळ मिळतो, इतकेच.

१ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या झापांखाली असतात आणि किनाऱ्यावर फारसे कोणी फिरकत नाही. यंदा आमचे इंजिन पडवीत, लाकडी घोडीवर, खांबाला साखळीने बांधून उभे ठेवले आहे. उभे अशासाठी की आत राहिलेले पाणी खाली निथळून जावे.